समुद्रकेतूची घोषित किंमत

"कागदाक पंखो आणि माणसाक घाम. बघ बाबा, आता तूच काय ता बघ."

आमच्या सासूबाई हे देवाला सांगत होत्या. आमचा देव्हारा स्वयंपाकघरात, ओट्याला लागून. मी ओट्याशी कणीक मळत होते आणि दोघींमध्ये फार तर हातभर अंतर. देवाला सांगितलेलं मला ऐकू जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पत्ता देवाचा आणि मजकूर माझा, अशी आमच्या घरात सत्तावीस वर्षं चालत आलेली टपालव्यवस्था आहे.

तक्रार खोटीही नव्हती. मे महिना, मुलुंड पूर्व, पश्चिमेचं ऊन खाणारी आमची दोन खोल्यांची जागा, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन आतल्या खोलीत तीन जुन्या चित्रकथांना वारा घालत होता. चित्रकथा पलंगावर पांढऱ्या पंच्यावर पहुडल्या होत्या. पलंगाशेजारी स्टुलावर आमचे हे, म्हणजे चंद्रप्रकाश साटम, हातात मेडिकलमधून आणलेले रबरी मोजे घालून बसले होते. एखाद्याला वाटावं, बाळंतपण व्हायचंय.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. ह्यांची नोकरी फेब्रुवारीत गेली होती. हे वाक्य मी इथे किती सहज लिहिलं! आमच्या घरात ते पाच महिने कोणी उच्चारलं नव्हतं. विक्रोळीच्या एका कंपनीत हे सव्वीस वर्षं डिस्पॅच खात्यात होते. एका मंगळवारी कोण्या नव्या साहेबाने बोलावून, पाणी विचारून, खात्याची 'फेररचना' झाल्याचं सांगितलं. ह्यांनी मला ते रात्री दिवा मालवल्यावर सांगितलं. आमच्या गंधालीला कोणी सांगितलं नाही, पण ती एकोणीस वर्षांची आहे, तिला कळलं. आईंना मात्र कळता कामा नये, असं ठरलं. त्यांचं बी.पी. आणि सोसायटीतली त्यांची संध्याकाळची बाकड्यावरची बैठक, या दोन्हींची आम्हांला सारखीच भीती.

म्हणून हे आठवड्यातून तीन दिवस डबा घेऊन 'ऑफिसला' जात आणि तीन दिवस 'घरून काम' करत. ऑफिसच्या दिवशी हे एका मोठ्या इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात बसत. तिथे ए.सी. फुकट असतो आणि मुख्य म्हणजे माणूस तोंड पाडून का बसलाय, असं कोणी विचारत नाही. घरून कामाच्या दिवशी काम काढावं लागे. त्यातच एकदा माळा आवरला आणि पत्र्याच्या डब्यात 'समुद्रकेतू' सापडला.

समुद्रकेतू तुम्हांला आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, तो फारसा कोणालाच आठवत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी कोणा हौशी माणसाने ही चित्रकथा काढली, नऊ अंक छापले आणि बहुधा स्वतःच बुडाला. नायक अरबी समुद्राच्या तळाशी राहतो, खारदांड्याच्या किनाऱ्यावर वर येतो आणि तस्करांना बडवून पुन्हा पाण्यात जातो. अंगात हिरवा घट्ट पोशाख. पाण्यातून येऊनही केसांचा भांग जागच्या जागी. ह्यांच्याकडे अंक एक, दोन आणि सात.

ह्यांनी फोटो काढून संग्राहकांच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला. तासाभरात घाटकोपरहून कोणा निलेश नावाच्या माणसाचा फोन. "साटमसाहेब, पहिला अंक आहे तुमच्याकडे? आधी ग्रेडिंग करून घ्या, मग आपण बोलू."

फोन घेताना हे बसले होते. 'साहेब' म्हटल्यावर उभे राहिले. बोलणं होईपर्यंत उभेच होते. फेब्रुवारीपासून ह्यांना कोणी साहेब म्हटलं नव्हतं. मी दारातून पाहिलं आणि मनात म्हटलं, काय वाटेल ते होवो, हे ग्रेडिंग आपण करायचं.

ग्रेडिंग म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझं शिक्षण बारावी. उरलेलं मी लोकांचे फॉर्म भरता भरता केलंय. तर अंधेरीला एक कंपनी आहे. आपण आपली चित्रकथा तिथे द्यायची. तिथले तज्ज्ञ भिंगातून बघतात, कोपरे, घडी, पिना, पानांचा रंग, सगळं तपासतात आणि दहापैकी मार्क देतात. मग पुस्तक जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. पेटी फोडली की मार्क रद्द.

"म्हणजे वाचूचा नाय?" आईंनी विचारलं.

"नाही."

"पानां उलटूची नाय?"

"नाही गं आई. फक्त बघायचं."

"मगे पुस्तक कसला ता? मोठ्या दवाखान्यात बरणीत साप ठेवतत, तशातला."

घराला नवे नियम लागू झाले. आतल्या खोलीत ओल्या केसांनी जायचं नाही. दार उघडं असताना फोडणी करायची नाही. बुटांच्या खोक्यांतून निघतात त्या, ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या जमवायच्या. आमच्याकडे तेवढे बूट कुठले? मी चार घरं फिरून त्या मागितल्या. आयुष्यात मी शेजाऱ्यांकडे विरजण मागितलंय, शिडी मागितलीय, एकदा चक्क गुरुजी मागितलेत. पण 'तुमच्या बुटाच्या खोक्यातली पुडी द्याल का?' हे म्हणताना माझी मान खाली गेली ती गेलीच.

फॉर्म ऑनलाइन होता. गंधाली लॅपटॉप घेऊन बसली, हे तिच्या मागे, मी बाजूला आणि समोर खुर्चीत आई, मांडीवर मेथीची जुडी. अंकाचं नाव, क्रमांक. ठीक. प्रकाशनाचं वर्ष? अंकावर वर्षच नव्हतं. पहिल्या अंकात शेवटच्या पानावर एका केशतेलाची जाहिरात होती, त्यावरून ह्यांनी अर्धा तास अंदाज बांधला. आणि मग आला तो रकाना. घोषित किंमत.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे आपल्या मते ह्याची किंमत काय, ते आपणच सांगायचं," गंधाली म्हणाली. "त्यावर त्यांची फी ठरते. आणि हरवलं तर तेवढीच भरपाई."

"आमच्या मते?" हे म्हणाले.

"मते कसला?" आई मेथी निवडत म्हणाल्या. "वर छापलीहा की. दोन रुपये."

गंधालीने गंमत म्हणून दोन टाकले. पडदा लाल झाला. हजारच्या खाली किंमत चालणार नव्हती. आईंनी त्या लाल पडद्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू भाजीवाल्याने भाव सांगितला होता.

अशा वेळी आमच्याकडे बेल वाजते. सोसायटीचे अध्यक्ष श्यामसुंदर देसाई पाण्याच्या टाकीची नोटीस घेऊन आले होते. देसाईंना दारातून नोटीस देऊन जाता येत नाही. ते आत आले, चहा म्हणाले, सगळं ऐकून घेतलं आणि मांडी घालून बसले.

"साटम, माझं ऐका. कागदावर किंमत नेहमी कमी दाखवायची. उगाच डोळ्यांवर कशाला यायचं? आता हा फ्लॅट घेताना तुम्ही..."

इथे आम्ही सगळे एकदम चहात बघायला लागलो. देसाईही बघायला लागले. त्यांचाही फ्लॅट त्याच वर्षीचा.

"ते जाऊ दे," ते म्हणाले. "आणि मार्कांची कसली चिंता करताय? स्टेशनजवळ आपला माणूस आहे. लॅमिनेशन करून घ्या. पानागणिक दहा रुपये."

ह्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकला. पहिल्यांदा दाराच्या फटीत बोट सापडलं होतं तेव्हा. देसाईंची मात्र लॅमिनेशनवर श्रद्धा आहे. सोसायटीचं नोंदणीपत्र, लिफ्टचं लायसन, स्वतःचं सातवीचं स्कॉलरशिपचं प्रमाणपत्र, सगळं त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलंय. "एकदा आत गेलं की पाणी नाही, वाळवी नाही, काही नाही," असं ते इतक्या मायेने म्हणाले, की मला क्षणभर त्यांच्या मिसेसची काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची मानसी आली. ही विमा विकते. मला वहिनी म्हणते, पण बोलते ह्यांच्याशी.

"भाऊजी, वेडे झालात का? कमी किंमत? उद्या त्यांच्याकडून गहाळ झालं तर काय मिळणार, हजार रुपये? दहा लाख टाका. डोळे मिटून टाका. आणि वहिनी, तो कोपरा दुमडलाय ना, त्यावर सुती साडीची घडी ठेवून हलकी इस्त्री फिरवा. कळणारसुद्धा नाही."

"कळतं!" हे ओरडले. "भिंगाखाली सगळं कळतं!"

इमारतीत उभे दोन पक्ष पडले. तळमजला ते दुसरा मजला देसाईंच्या बाजूने, तिसरा आणि चौथा मानसीच्या. संध्याकाळपर्यंत मानसीचा आकडा जिन्यातून खाली उतरला आणि बाकड्यावर जाऊन बसला. भाजीवालीने मला विचारलं, "ताई, तुमच्याकडे दहा लाखांची पुस्तकं निघाली म्हणे?" आणि कोथिंबीर फुकट टाकायची ती टाकली नाही. वॉचमन सलाम करायला लागला. मी गेली कित्येक वर्षं त्या गेटातून ये-जा करतेय. सलाम मला नव्हता, समुद्रकेतूला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण लोक पुस्तकांकडे बघायला लागले की माणसांकडेही बघतात.

"वहिनी, साटम हल्ली बुधवारी पण घरी?" देसाईंनी जिन्यात विचारलं.

"हायब्रीड," मी म्हटलं. हा शब्द मी पूर्वी फक्त टोमॅटोसाठी वापरत असे.

पहिल्या मजल्यावर मी सांगितलं होतं, साठलेली रजा संपवतायत. मानसीला सांगितलं, नवीन प्रोजेक्टची तयारी चाललीय. दूधवाल्याला काय सुचलं म्हणून पाठदुखी सांगितली, तर तो दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली घेऊन आला. कोणाला काय सांगितलं हे लक्षात राहीना, म्हणून मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायला लागले. खोटं बोलण्यात इतकी टापटीप लागते, हे मला पन्नाशीत कळलं.

फॉर्म अजून अर्धाच होता. रविवारी पुन्हा सगळे बसलो. किंमत सोडून पुढे जाऊ, म्हणून गंधालीने खालचा रकाना उघडला. व्यवसाय. त्यात पर्याय होते: नोकरी, धंदा, निवृत्त, विद्यार्थी, इतर.

गंधालीचं बोट थांबलं. आई समोर बसून लसूण सोलत होत्या.

"बाबा?" गंधालीने अगदी हळू विचारलं.

ह्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग उठून खिडकीशी गेले. "नेट गेलं वाटतं," म्हणाले.

नेट कुठे गेलं होतं! आईंच्या शेजारी मोबाइलवर भजन जोरात चालू होतं. पण आम्ही तिघांनी माना डोलावल्या, आणि विशेष म्हणजे आईंनीही डोलावली. मोबाइल उलटा ठेवून त्या म्हणाल्या, "जाता मधी मधी."

शेवटी ठरलं की ऑनलाइनचा नाद सोडायचा. अंधेरीला जाऊन काउंटरवर हाताने फॉर्म भरायचा, हाताने अंक द्यायचे.

आता पॅकिंग. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण सव्वीस वर्षं हे ऑफिसात नेमकं काय करत होते ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं. ह्यांनी आधी टेबल पुसलं. मग पुठ्ठे मापून कापले, एकही काप वाकडा नाही. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, मागे कडक पुठ्ठा, वर दुसरा पुठ्ठा, कोपऱ्यांना कागदाच्या टोप्या. तिन्ही मिळून एक गठ्ठा, तो छोट्या खोक्यात, छोटं खोकं मोठ्यात, मध्ये चारी बाजूंनी बरोबर दोन बोटं जागा, त्या जागेत चुरगळलेला कागद. खोकं कानाशी धरून हलवलं. काही वाजलं नाही. ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी फेब्रुवारीपासून पाहिलं नव्हतं. एवढं सुरेख काम येणाऱ्या माणसाला त्यांनी फेररचनेत काढलं, आणि ज्याने काढलं त्याला पार्सलाला साधी सुतळी तरी बांधता येत असेल का, असं मला वाटून गेलं.

टेप मात्र सकाळीच लावायची, कारण रात्रीच्या दमट हवेत टेप सुटते. तोवर उघडं खोकं ठेवायचं कुठे? आमच्या घरात झुरळ फिरकत नाही अशी एकच जागा आहे. देव्हाऱ्याशेजारचा कोनाडा, तिथे आईंचा कापूर रोज जळतो. समुद्रकेतू रात्रभर तिथे मुक्कामाला राहिला. पहाटे उठून ह्यांनी झाकण मिटलं, टेप लावली आणि आम्ही निघालो.

मुलुंड ते अंधेरी रिक्षा. खोकं माझ्या मांडीवर. हे दर खड्ड्याला "भाऊ, सावकाश, आत नाजूक सामान आहे," म्हणत होते. कांजूरच्या पुढे रिक्षा वीस मिनिटं जागची हलली नाही, तेव्हाही हे एकदा म्हणाले, "सावकाश." रिक्षावाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, अजून सावकाश म्हणजे बंदच करू का?"

कंपनी चौथ्या मजल्यावर होती. काउंटरवर सुगंधा नावाच्या बाई, माझ्याच वयाच्या, गळ्यात चष्मा. त्यांनी खोक्याची टेप कापली, कागद बाजूला केले, गठ्ठा पाहिला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे पॅकिंग कोणी केलं?"

हे घाबरले. "का? काही चुकलं?"

"अहो, नऊ वर्षांत असं पॅकिंग आलं नाही माझ्याकडे. लोक साडीच्या पिशवीतून आणतात." त्यांनी मागे हाक मारून आणखी दोघांना बोलावलं आणि आमचं खोकं दाखवलं. हे छताकडे बघत उभे. कानाच्या पाळ्या लाल.

आतले अंक पुढे तज्ज्ञच उघडणार होते. आमच्यापुढे फॉर्म आला. ह्यांनी पेन घेतलं. नाव, पत्ता, अंक. मग घोषित किंमत, पहिला अंक. पेन थांबलं.

मागे दोन माणसं रांगेत होती. सुगंधाबाई म्हणाल्या, "अंदाजे टाका हो, तुमच्या मते जी असेल ती."

"माझ्या मते..." हे म्हणाले. पेन तसंच. मला जे दिसत होतं ते सांगते. त्या मंगळवारी एका माणसाने ह्यांची किंमत एका पानावर लिहून दिली होती, हिशेब, शिक्का, सगळ्यासह. तेव्हापासून कशाचीही किंमत करायची म्हटली की ह्यांचा हात चालत नसे. भाजीसुद्धा सांगितलेल्या भावाने घेऊन यायचे.

मी पेन काढून घेतलं. "फी कशी आहे तुमची?"

"पंचवीस हजारांच्या आत किंमत असेल तर ही फी. वर गेली की दुप्पट."

मी पहिल्या अंकापुढे लिहिलं, चोवीस हजार नऊशे नव्व्याण्णव.

"अगं, चपलेचं दुकान आहे का?" हे पुटपुटले.

"मग काय खालची फी सोडायची? देसाईंना कमी हवी, मानसीला जास्त. घ्या, दोघांचं समाधान."

सुगंधाबाई हसल्या. मग हेही हसले. अगदी थोडं, पण हसले. ह्यांनी पेन परत घेतलं आणि व्यवसायाच्या रकान्यात, मी बघत नाहीये असं समजून, लिहिलं: संग्राहक. मी भिंतीवरचं अग्निशमनाचं नळकांडं वाचत राहिले.

पुढचे चाळीस दिवस ह्यांना नोकरी लागली असंच म्हणायला हवं. कंपनीच्या संकेतस्थळावर आपला अंक कुठवर पोचला ते दिसतं. हे सकाळी नऊला बसत. 'प्राप्त'. आठ दिवस 'प्राप्त'. मग 'तपासणी'. मग पंधरा दिवस 'प्रतीक्षेत', तेव्हा घरातलं वातावरण दहावीच्या निकालाआधीचं. देसाई जिन्यात भेटले की "काय म्हणतोय पेशंट?" विचारत. इस्पितळात हे आठवड्यातून तीनदा बसत असल्यामुळे मी दर वेळी दचकत असे.

आणि एका शनिवारी पार्सल आलं.

बातमी आमच्या आधी जिन्यात पसरली होती. देसाई आले, मानसी आली. गंधालीने लॅपटॉप उघडला. आई खुर्चीत, काठी मांडीवर. ह्यांनी रबरी मोजे चढवले. आता पेटीत बंद आहे, मोजे कशाला, असं कोणीही विचारलं नाही.

दुसरा अंक: साडेसहा. सातवा अंक: सात. मानसीने टाळ्या वाजवल्या. देसाई म्हणाले, "फर्स्ट क्लास." मग ह्यांनी पहिला अंक काढला, वरची पट्टी वाचली आणि खाली बसले.

साडेतीन.

"साडेतीन?" मानसी म्हणाली. "दहापैकी?"

गंधालीने सोबतचा अहवाल वाचला. कोपरा दुमडलेला, पिना किंचित गंजलेल्या, पानं पिवळसर. "आणि मुखपृष्ठावर मध्यभागी," ती अडखळली, "पिवळ्या आणि लाल रंगाच्या भुकटीचे डाग. ताजे."

सगळे पेटीवर वाकलो. समुद्रकेतू लाटेतून वर येत होता, मुठी वळलेल्या, भांग जागच्या जागी. आणि त्याच्या रुंद कपाळाच्या बरोबर मधोमध एक सुबक, गोल, लाल टिकला होता. त्याखाली हळदीचं बोट.

"त्यांनी केलं!" हे उसळले. "त्या कंपनीच्या लोकांनी! मी लिहितो. गंधाली, लेटर टाइप कर. संदर्भ क्रमांक घाल. माल आमच्याकडून सुस्थितीत निघाला असताना..." सव्वीस वर्षांचा डिस्पॅच अधिकारी ताडकन जागा झाला होता. देसाईंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. तक्रारअर्जाचा वास आला की त्यांना तरुण वाटतं. "अंधेरीत अशीच माणसं," ते म्हणाले. "मी सही करतो, अध्यक्ष म्हणून."

"बाबा, थांबा," गंधाली म्हणाली. "अंक पिशवीतून काढल्या काढल्या ते फोटो घेतात. साइटवर असतो." तिने फोटो उघडला. मोठा केला. आणखी मोठा केला.

टिकला होता. पहिल्याच फोटोत, तसाच ताजा.

म्हणजे डाग आमच्याच घरून गेला होता. मग एकेक करून सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

"लावलंय मी," आई म्हणाल्या. "पाटे, तू उठाच्या आदी. आंघोळ करून, सोवळ्यान. पिशयेतसून भायर काढलंय आणि होता तसा परत ठेवलंय. तुमका मोजे लागतत, माझे हात काय घाण आसत?"

"अगं पण आई!" ह्यांचा आवाज फुटला. "पुस्तकाला? कुंकू?"

"अहो आजी," देसाई समजुतीने म्हणाले, "दसरा असता तर समजलो असतो. असं मध्येच?"

"कामाक भायर पडणाऱ्याक लावतत की नाय?" आई म्हणाल्या. "ह्यो नोकरीक लागलो, पयल्या दिवशी मीच लावलंय ह्याच्या कपाळाक. ओवाळलंय. आता ह्या पुस्तकांचे पैसे येवचे हत, घर तेच्यावर चालूचा आसा, तर तेका तसाच कसा धाडू?"

"घर तेच्यावर?" देसाई हसले. "आजी, साटमांचा एवढा पगार असताना..."

"खयचो पगार?"

मी पुढे झाले. "आई, चहा ठेवू?" हे मला सुचलेलं सर्वांत मोठं शहाणपण. त्यांनी काठीने मला बाजूला केलं. मारलं नाही, नुसतं पडदा सारावा तसं सारलं.

"वसू, पुरे झाला आता. माझ्या झिलाची नोकरी गेली. फेब्रुवारीत."

पंखा फिरत होता. मानसीने तोंडावर हात ठेवला. देसाई एकदा ह्यांच्याकडे, एकदा समुद्रकेतूकडे बघत होते. मी कॅलेंडरकडे बघितलं नाही. ह्यांनी एकेका बोटाने सावकाश दोन्ही मोजे काढले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि सरळ देसाईंना सांगितलं, "हो. गेली."

आवाज अगदी साधा होता. पाच महिने माझ्या खांद्यांवर काय होतं ते मला तेव्हा कळलं, कारण ते उतरलं. गंधालीने माझा हात धरला.

"आई," हे म्हणाले, "तुला सांगणार होतो गं. तुझ्या बी.पी.मुळे... आणि लाज वाटली."

"लाज?" आईंनी काठी जमिनीवर टेकली, उठल्या, आणि चार माणसांसमोर ह्यांच्या केसांतून हात फिरवला. "मेल्या, तुझी नुसती नोकरी गेली. तुझ्या बापाची आख्खी गिरण गेली होती."